लूपरवरचे पहिले आवर्तन: तयारी किती आणि उपज किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही आठ वर्षे गिटार वाजवता, स्वतःची गाणी गाता, वर्षभरापूर्वी पाच ट्रॅकचा लूपर (वाजवलेला तुकडा मुद्रित करून फिरून फिरून वाजवणारे आणि त्यावर थर चढवू देणारे, पायाने चालवायचे यंत्र) घेतला आणि आता चाळीस मिनिटांचा पहिला एकल कार्यक्रम ठरला आहे. एक मित्र म्हणतो, प्रत्येक थर आधी बसवून, पाठ करूनच मंचावर जा. दुसरा म्हणतो, सगळे बसवून नेलेस तर लूपिंगला अर्थच उरत नाही, त्या क्षणी सुचेल तेच वाजव. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारता.

मी व्हायोलिन वाजवतो. हिंदुस्थानी पद्धतीने शिकलो आणि गेली चौदा वर्षे लूपर घेऊन एकट्याने कार्यक्रम करतो आहे. इतक्या वर्षांत माझे मत असे झाले आहे की तयारी आणि उपज (त्या क्षणी सुचेल ते वाजवणे) यांचे प्रमाण कलावंताच्या स्वभावापेक्षा यंत्राच्या स्मरणशक्तीवर अधिक अवलंबून असते. वाजवलेला सूर यंत्र किती वेळ लक्षात ठेवणार आहे, हे ज्याला नेमके माहीत आहे त्याला कुठे ठरवून वाजवायचे आणि कुठे हात मोकळा सोडायचा हे हळूहळू कळू लागते. तुमच्या दोन्ही मित्रांच्या सल्ल्यात ही बाब कुठेच दिसत नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

मैफलीत गाणारा गायक एखादी तान घेतो आणि ती मनासारखी उतरत नाही. पुढच्या आवर्तनात तो त्याच जागेकडे दुसऱ्या वाटेने जातो आणि श्रोते पहिली तान विसरून जातात. हवेत विरून जाणे हा आवाजाचा गुण आहे आणि आपली सगळी उपज त्याच गुणाच्या आधारावर उभी आहे. लूपरवर हा आधार नाहीसा होतो. सोळा मात्रांच्या तीनतालाचे एक आवर्तन मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत घेतले तर ते १२ सेकंदांचे होते. त्या आवर्तनात मुद्रित केलेली एखादी बेसूर जागा पाच मिनिटांच्या भागात २५ वेळा परत येते. पहिल्या वेळी श्रोत्याला ती जाणवतही नाही, चौथ्या वेळी तो तिची वाट पाहू लागतो आणि दहाव्या वेळी त्याला दुसरे काही ऐकू येत नाही. मैफलीत उत्तम उपज करणारे, माझ्याहून कितीतरी तयार असलेले कलावंत लूपरसमोर अडखळताना मी पाहिले आहेत, आणि त्याचे कारण मला प्रत्येक वेळी हेच दिसले: विरून जाणाऱ्या आवाजाची सवय असलेला हात ते न विरणाऱ्या आवाजाला लावत होते.

लूपिंग जन्माला आले तेव्हा मात्र यंत्रही विसरत असे, आणि हे समजून घेणे तुम्हाला उपयोगी पडेल. १९६३ साली पॅरिसमध्ये टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने एका नाटकासाठी जॅझवादक चेट बेकरच्या ट्रम्पेटचे मुद्रण घेऊन त्यावर काम केले. तिथल्या ध्वनी अभियंत्याने दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोघांमधून ओढली. पहिल्या यंत्राने मुद्रित केलेला सूर काही सेकंदांनी दुसऱ्या यंत्रावर वाजायचा आणि तिथून पुन्हा पहिल्याकडे मुद्रणासाठी जायचा. १९७२ साली ब्रिटिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी लंडनमध्ये हीच रचना गिटारसाठी वापरली आणि पुढे १९७९ साली फ्रिपने ती घेऊन रेकॉर्डची दुकाने आणि उपाहारगृहे यांसारख्या छोट्या जागांमध्ये एकट्याने कार्यक्रम केले. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर या वेगाने धावत असेल आणि दोन यंत्रांच्या हेडमध्ये (टेपवर सूर मुद्रित करणारा आणि वाचणारा भाग) ९५ सेंटिमीटर अंतर असेल तर सूर पाच सेकंदांनी परत येतो, इतका हा हिशेब साधा आहे. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. प्रत्येक फेरीत तो सूर थोडा मंद होतो, त्याची धार जाते, टेपची खरखर त्यात मिसळते आणि काही फेऱ्यांनंतर तो पार्श्वभूमीत विरघळून जातो. चूक झाली तर तीही विरघळते. म्हणून ही माणसे जवळजवळ काहीही न ठरवता बसू शकत होती. त्यांच्या धाडसाचे मोल मी कमी करत नाही, परंतु त्या धाडसाला टेपची साथ होती.

याच रायलीने १९७० पासून पंडित प्राणनाथ यांच्याकडे किराणा घराण्याच्या गायकीची तालीम घेतली. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, आणि वहीद खाँ म्हणजे अतिविलंबित लयीतली, एकेका सुरावर थांबणारी बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे हे घराणे महाराष्ट्राला घरचे वाटते. टेपच्या फेऱ्यांतून सूर साठवत जाणाऱ्या माणसाला शेवटी याच गायकीजवळ येऊन बसावेसे वाटले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

डिजिटल लूपर आले आणि स्मरण पूर्ण झाले. १९९९ साली आलेल्या लाइन सिक्स कंपनीच्या हिरव्या डीएल फोर पेडलमध्ये फक्त १४ सेकंद मावत. आज तुमच्याकडे आहे तशा यंत्रात काही मिनिटांचे ट्रॅक सहज मावतात. पण मुद्दा लांबीचा नाही. डिजिटल लूपमधला सूर पहिल्या फेरीत जसा असतो तसाच शंभराव्या फेरीत असतो. म्हणूनच या यंत्रांना ‘अनडू’चे बटण द्यावे लागले, कारण जे यंत्र स्वतःहून विसरत नाही त्याला विसरायला सांगण्याची काहीतरी सोय हवी. मात्र एकाच ट्रॅकवर थर चढवत गेलात तर साधारणपणे अनडूने सर्वांत वरचा थरच निघतो. तळाचा थर खराब असेल तर संपूर्ण इमारत पाडून पुन्हा पायापासून सुरुवात करावी लागते.

हे मी एका संध्याकाळी शिकलो. पुण्यातल्या एका छोट्या सभागृहात दीडशे श्रोत्यांसमोर मी काही न ठरवता सुरुवात केली. बोटांनी तारा छेडून आठ मात्रांचा एक ठेका मुद्रित केला आणि उत्साहाच्या भरात पेडल किंचित उशिरा दाबले. शेवटच्या मात्रेनंतर एक बारीकशी फट राहिली. मला ती जाणवली, परंतु वरच्या थरांमध्ये झाकली जाईल असे समजून मी पुढे गेलो. तिच्यावर पाच थर चढवले. प्रत्येक थर त्या लंगड्या ठेक्याशी जुळवून वाजवावा लागत होता, त्यामुळे प्रत्येकात तोच लंगडेपणा उतरला. सहाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आले की मी संगीताचा विचार सोडून फक्त त्या फटीचा विचार करतो आहे. सगळे बंद करून पुन्हा सुरुवात करण्याचे धैर्य त्या दिवशी मला झाले नाही आणि अकरा मिनिटांचा तो भाग मी तसाच ओढला. आज तसे झाले तर मी पहिल्या मिनिटातच थांबेन, श्रोत्यांना एका वाक्यात सांगेन आणि पुन्हा सुरू करेन. श्रोते ते मनापासून स्वीकारतात, हा माझा पुढचा अनुभव आहे.

यावरून माझा पहिला सल्ला: पहिला थर नेहमी ठरवून घ्या, कार्यक्रम कितीही मोकळा असला तरी. आणि ‘ठरवणे’ म्हणजे केवळ सुरावट पाठ करणे नव्हे. त्या थराची लांबी, त्यातले सूर, त्याचा जोर आणि तुमचा पाय या चारही गोष्टी आधी निश्चित असायला हव्यात.

पायाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक कार्यक्रम तिथेच बिघडतात. नवीन वादक सोळावी मात्रा वाजली की पेडल दाबतात. लूप बंद व्हायला हवा तो सोळाव्या मात्रेनंतर येणाऱ्या समेवर, म्हणजे जिथे पुढचे आवर्तन सुरू होते तिथे. तबलजी समेवर हात पडावा म्हणून तो आधीच उचलतो, तसाच पाय आधी उचलावा लागतो, आणि हे डोक्याने करून जमत नाही, ते अंगवळणीच पडावे लागते. हिशेब करून पाहा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांचा लूप बरोबर ८ सेकंदांचा होतो. पाय ८० मिलिसेकंद उशिरा पडला तर तो ८.०८ सेकंदांचा होतो आणि लय ११८.८ वर येते. तुम्ही एकटेच वाजवत असाल तर हे चालून जाते, कारण पुढचे सगळे त्या लूपच्या मागून येणार असते. पण शेजारी १२० वर लावलेले ड्रम मशीन असेल तर प्रत्येक फेरीला ८० मिलिसेकंदांचे अंतर पडत जाते आणि सहा-सात फेऱ्यांत एक संपूर्ण मात्रा सरकते. यंत्रातली क्वांटाइझची सोय लावली तर लूपर स्वतःच जवळच्या मात्रेवर बंद होतो. मी ती ठरलेल्या गाण्यांना लावतो आणि मोकळ्या भागाला काढून टाकतो, कारण मोकळ्या भागात लय माझ्या श्वासातून यावी असे मला वाटते. तुम्ही पहिल्याच कार्यक्रमात ती सगळीकडे लावलीत तरी काही बिघडत नाही.

आता सूर. पहिल्या थरात तुम्ही जे सूर घालाल ते पुढच्या सर्व वाटा ठरवतात, आणि येथे रागसंगीताची जाण असलेल्या वादकाला मोठा फायदा आहे. मोकळ्या भागाच्या पहिल्या थरात मी गंधार ठेवत नाही. केवळ षड्ज आणि पंचम यांवर एखादी लयबद्ध आकृती घेतो. गंधार कोमल की शुद्ध हे ठरलेले नसल्यामुळे त्यावर मला यमनाकडे जाता येते, भूपाकडे जाता येते, काफीकडे किंवा भैरवीकडेही जाता येते, आणि सभागृहातले वातावरण पाहून तो निर्णय तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला घेता येतो. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाकडे जाण्याची शक्यता ठेवायची असेल तर षड्ज आणि मध्यम घ्यावा लागतो, आणि मग यमन आणि भूप या दोन्ही वाटा बंद होतात. गिटारवरही हेच लागू आहे. सहाही तारांवर पूर्ण कॉर्ड वाजवून पहिला थर घेतला तर तुम्ही मेजर की मायनर हा निर्णय पहिल्या आठ सेकंदांत घेऊन टाकता, शिवाय मधल्या पट्टीतली सगळी जागा भरून जाते आणि तुमच्या गळ्याला बसायला जागा उरत नाही. खालच्या दोन तारांवर सुरुवात करा.

जोराचे तर नवख्यांना भानच नसते. एकमेकांशी संबंध नसलेले, सारख्या जोराचे आठ थर एकत्र आले की एकूण पातळी सुमारे ९ डेसिबलने चढते. म्हणून पहिला थर कानाला थोडा बिचारा वाटेल इतका हलका ठेवावा. घरी बसून हे पटत नाही, मंचावर पटते.

एवढे निश्चित केल्यावर मधला भाग मोकळा सोडता येतो, आणि तो कसा सोडायचा याचे उत्तम उदाहरण आपल्याकडे तबल्याच्या कायद्यात, म्हणजे ठरलेल्या बोलांचा विस्तार करण्याच्या रचनेत, आहे. कायद्याचे मुख बांधलेले असते, त्यातले बोल ठरलेले असतात, खाली-भरीची (हलक्या आणि भारी बोलांची) आकृती ठरलेली असते. पलटे, म्हणजे मुखाची वेगवेगळी रूपे, करताना वादक मुखात नसलेला बोल आणत नाही, परंतु आहेत त्या बोलांची मांडणी तो त्या क्षणी बदलत जातो आणि तिहाई (तोच तुकडा तीन वेळा) घेऊन समेवर येतो. ऐकणाऱ्याला ही उपज वाटते आणि ती उपजच असते, पण तिच्यामागे रियाजात घातलेली वर्षे असतात. शिवाय त्याच्या शेजारी हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरणारा साथीदार असतो. अर्धा-पाऊण तास तीच सुरावट, तीच लय, एकही अलंकार न वाढवता वाजवत राहणे हे त्या माणसाचे काम असते. लूपरने केलेले काम नेमके लेहऱ्याचे आहे. मला अनेकदा असे वाटते की लूपिंग शिकू पाहणाऱ्याने सहा महिने एखाद्या तबलावादकाच्या रियाजाला लेहरा धरून बसावे. आपली सुरावट न हलवता दुसऱ्याच्या लयकारीखाली स्थिर कशी ठेवायची हे तिथे शिकायला मिळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणती सुरावट शंभर वेळा ऐकली तरी कान थकत नाही हे कळते. चांगला लेहरा साधा असतो आणि समेकडे ओढणारा असतो. त्यात एखादी विलक्षण सुंदर जागा असली तर ती विसाव्या फेरीला त्रास देते. पहिल्या थरालाही हीच कसोटी लावा.

तुमच्या मित्रांनी बहुधा निरनिराळे कलावंत पाहून आपापली मते बनवली असावीत. लूपर घेऊन गाणारा ब्रिटिश गायक एड शीरन २०१७च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत आणि २०२५च्या जानेवारीत पुण्यात येऊन गेला, तेव्हा लूपिंग पहिल्यांदा पाहणारे असंख्य मराठी श्रोते तिथे असणार. २०१७ ते २०१९ या काळातल्या जगभरच्या दौऱ्यात भल्या मोठ्या स्टेडियममध्ये तो एकटाच उभा राहत असे. त्याच्या पायाखालचा फलक हा लॅपटॉपवरच्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरला चालवणारा नियंत्रक आहे. गाणी ठरलेली, थरांचा क्रम ठरलेला. तिथे तसेच हवे, कारण हजारो लोक ते गाणे सोबत म्हणायला आलेले असतात. दुसऱ्या टोकाला मार्क रेबिये हा अमेरिकन कलावंत आहे. लूपर, कीबोर्ड आणि मायक्रोफोन एवढ्यावर तो संपूर्ण कार्यक्रम त्या त्या क्षणी रचतो, श्रोत्यांनी सुचवलेल्या विषयावर शब्दसुद्धा तिथेच जुळवतो. पण बारकाईने पाहिले तर ताल आधी, बेस नंतर, मग कॉर्ड आणि सर्वांत वर आवाज, असा बांधणीचा क्रम त्याच्या हाताला इतका बसलेला आहे की त्याला विचार करावा लागतो तो केवळ आशयाचा. झोई कीटिंग ही चेलोवादक तिसऱ्याच वाटेने जाते. ती लूपिंगकडे रचनेचे साधन म्हणून पाहते आणि तिच्या चेलोच्या थरांची वीण एखाद्या लिहिलेल्या संगीतासारखी घट्ट असते.

या सगळ्यांत मला सर्वांत शिकवून गेलेला प्रसंग केटी टन्स्टल या स्कॉटिश गायिकेचा आहे. २००४ साली बीबीसीच्या एका संगीत कार्यक्रमात ठरलेला कलावंत येऊ शकला नाही आणि तिला अगदी आयत्या वेळी बोलावणे आले. गिटार, खंजिरी, स्वतःचा आवाज आणि अकाई कंपनीचा हेडरश हा लूपर पेडल एवढे घेऊन ती एकटी उभी राहिली आणि त्या एका सादरीकरणाने ती घराघरांत पोहोचली. बोलावणे आयत्या वेळचे होते, परंतु पेडल पायाला अगोदरच बसलेला होता. आयत्या वेळी उभे राहता येणे हे तयारीचेच फळ असते, हे त्या प्रसंगात मला फार स्पष्ट दिसते.

तेव्हा तुमच्या स्वतःच्या गाण्यांच्या बाबतीत माझा कल पहिल्या मित्राकडे आहे. गाण्याला शब्द आहेत, मुखडा-अंतरा आहे, चाल आहे. तिथे कुठला थर कुठल्या ओळीनंतर सुरू होणार, अंतऱ्याला कुठला ट्रॅक बंद होणार, हे पूर्ण बसवलेले असावे. श्रोता शब्द ऐकत असताना तुम्ही पायाकडे पाहून विचार करत आहात हे त्याला दिसते आणि गाण्यावरचे त्याचे लक्ष उडते. वाद्यसंगीताच्या मोकळ्या भागासाठी मात्र मी दुसऱ्या मित्राच्या बाजूने आहे, फक्त पहिला थर आणि शेवट या दोन गोष्टी बाजूला काढून.

मोकळ्या भागात यंत्राला पुन्हा विसरायला शिकवता आले तर उपजेला मोठा वाव मिळतो, आणि हे तुम्हाला सहसा कोणी सांगणार नाही. काही लूपरमध्ये ओव्हरडब करताना, म्हणजे जुन्या थरावर नवा चढवताना, जुना थर किती टिकवायचा याचे प्रमाण लावता येते. तुमच्या यंत्रात ती सोय नसेल तर लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळते. हे प्रमाण ८० टक्के ठेवले तर प्रत्येक फेरीत जुना आवाज आधीच्या ८० टक्क्यांवर येतो आणि तीन फेऱ्यांत जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे टेपच्या काळातला तो विरघळण्याचा गुण तुम्ही परत आणता. एका ट्रॅकवर न विसरणारा पाया आणि दुसऱ्या ट्रॅकवर विसरणारा थर, अशी योजना मी गेली काही वर्षे करतो आहे. विसरणाऱ्या थरावर मी निर्धास्तपणे वाजवू शकतो, कारण फसलेली जागा अर्ध्या मिनिटात पुसट होणार असते आणि साधलेली जागा टिकवायची असेल तर मी ती पुन्हा वाजवतो. त्यात मैफलीतला स्वभाव पुष्कळसा परत येतो.

आणखी एक युक्ती. ट्रॅक एकमेकांना बांधलेले नसतील तर एका ट्रॅकवर सात मात्रांची आकृती ठेवा आणि दुसऱ्यावर आठ मात्रांची. दोन्हींची सम ५६ मात्रांनी एकत्र येते, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत २८ सेकंदांनी. तोपर्यंत त्यांचे नाते सतत बदलत राहते आणि तुम्ही काही न वाजवताही संगीत पुढे सरकते. त्या वेळात तुम्हाला ऐकायला सवड मिळते. उपजेसाठी सर्वांत दुर्मीळ गोष्ट हीच सवड आहे, कारण लूपर वाजवणारा माणूस सतत काहीतरी दाबण्यात गुंतलेला असतो.

घरून मुद्रित करून नेलेले थर वापरावेत का, हा तुमचा उपप्रश्न होता. माझे मत ठाम आहे. तानपुऱ्यासारखा अखंड स्वर किंवा साधा ठेका नेला तर कोणाची फसवणूक होत नाही, कारण आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबला यंत्र लावून गाणाऱ्याला कोणी दोष देत नाही. परंतु गाण्यातली मुख्य सुरावट, सोबतीचे आवाज, श्रोत्याला जे तुम्ही आत्ता बनवत आहात असे वाटते ते आधी बनवून नेऊ नका. पहिला थर कसा बांधला जातो हे श्रोत्याने पाहिलेले असते, म्हणूनच सहा थरांनंतरचा घनदाट आवाज त्याला आपलासा वाटतो. तो धागा एकदा तुटला की उरतो तो पार्श्वसंगीतावर गाणारा एक माणूस.

शेवटाची तयारी बहुतेक जण करतच नाहीत. थर चढवणे सोपे आहे, उतरवणे अवघड. सहा थर एकत्र वाजत आहेत, श्रोते रंगले आहेत आणि वादकाला बाहेर पडायची वाट सापडत नाही, हे दृश्य मी खूपदा पाहिले आहे. मग तो आवाज हळूहळू कमी करत नेतो, आणि आठ मिनिटांचे काम नळ बंद केल्यासारखे संपते. प्रत्येक मोकळ्या भागासाठी तीन शेवट तयार ठेवा आणि त्यांतला कुठला वापरायचा ते त्या क्षणी ठरवा. माझे तीन असे आहेत. एक म्हणजे तिहाई घेऊन समेवर सगळे ट्रॅक एकदम बंद करणे, त्यासाठी ‘सगळे थांबवा’ हे बटण पायाखाली हवे. दुसरा, एकेक ट्रॅक काढत जाऊन सर्वांत शेवटी पहिला थर उघडा ठेवणे आणि तो दोन फेऱ्या एकटा वाजू देणे. तिसरा, सगळे बंद करून, यंत्राशिवाय, केवळ वाद्यावर शेवटची ओळ वाजवणे. हा तिसरा शेवट मला सर्वांत प्रिय आहे. इतका वेळ भरलेले सभागृह अचानक एका तारेवर येते आणि लोक श्वास रोखून ऐकतात.

राहिला रियाज. मोकळ्या भागाचाही रियाज असतो आणि तो रोज करावा लागतो. दहा मिनिटांचे घड्याळ लावा, पहिला थर घ्या, पुढे जे सुचेल ते वाजवा, तीन शेवटांपैकी एकाने बाहेर पडा आणि सगळे पुसून टाका. चांगले झाले तरी पुसा. साधलेली गोष्ट साठवून ठेवली की दुसऱ्या दिवशी हात तिच्याकडेच धावतो आणि बघता बघता ती बसवलेली चीज होते. आठवड्यातून एकदा पहिला थर दुसऱ्या कोणाकडून घ्या. माझी मुलगी लहान होती तेव्हा ती टाळ्या वाजवून, कधी स्टीलच्या डब्यावर हात मारून मला आठ सेकंदांचा थर देत असे आणि मी त्यावर रचत असे. तिच्या त्या वाकड्यातिकड्या ठेक्यांनी मला जितके शिकवले तितके महागड्या यंत्रांनी शिकवले नाही. आणि मुद्दाम चूक करण्याचाही सराव करा. तिसऱ्या थरात जाणूनबुजून एक वर्ज्य सूर घाला आणि मग अनडू न वापरता त्याला अर्थ द्या. कधी त्याच सुराला पुढच्या थरात साथ देऊन तो हेतुपुरस्सर घेतला असल्यासारखा करता येतो, कधी तो ट्रॅक अर्ध्या गतीवर नेता येतो, म्हणजे तो एक सप्तक खाली जातो, दुप्पट लांबतो आणि वेगळेच रूप घेतो.

तुमच्या चाळीस मिनिटांसाठी मी असे सुचवेन. सुरुवातीला एक पूर्ण बसवलेले गाणे, दोन किंवा तीन थरांचे, जेणेकरून सभागृहातला आवाज आणि मॉनिटर (मंचावर तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) यांचा अंदाज येईल. दुसरे गाणेही बसवलेले, पण त्यातला मधला भाग सोळा किंवा बत्तीस मात्रांपुरता खुला. तिसरा भाग दहा मिनिटांचा, मोकळा, ठरलेल्या पहिल्या थरासह. तोपर्यंत हात तापलेला असतो आणि श्रोत्यांनी तुम्हाला दोनदा थर बांधताना पाहिलेले असते, म्हणून ते तुमच्यासोबत अनोळखी वाटेवर यायला तयार असतात. त्यानंतर लूपर पूर्ण बंद ठेवून, केवळ गिटार आणि गळा यांवर एक गाणे घ्या, कानांना विश्रांती मिळते. शेवटी पुन्हा बसवलेले एक गाणे. प्रत्येक भागापूर्वी मागचे सगळे ट्रॅक पुसले आहेत ना, हे दिव्यांकडे पाहून तपासा. ही एवढीशी गोष्ट राहून जाते आणि नव्या गाण्याच्या मध्यात जुन्या गाण्याचा बेस सुरू होतो.

साउंड चेकला पहिला थर, सर्वांत जोराचा थर आणि ‘सगळे थांबवा’ बटण एवढे तपासा. त्या मोकळ्या दहा मिनिटांतले मात्र तिथे काहीही वाजवून पाहू नका, कारण रिकाम्या सभागृहात एखादी जागा छान लागली तर संध्याकाळी तुम्ही तीच शोधत बसाल.